अर्ध्या मिलिमीटरची फट

उद्यमनगर, कोल्हापूर
गुरुवार

प्रिय विजू,

पत्र बघून तू हसणार. अडतीस वर्षांची आपली दोस्ती, आणि लग्नपत्रिका सोडल्या तर मी तुला कागदावर एक ओळ धाडलेली नाही. आपलं सगळं बोलणं फोनवर, तेही इतक्या मोठ्यानं की शेजारच्या गाळ्यातला म्हणतो, मिस्त्री, फोन ठेवा खाली, असंच ऐकू जाईल शिरोळला. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'विजू, जरा ऐक' म्हणायचं, तू 'ऐकतोय की' म्हणायचं आणि पुढची दहा मिनिटं तूच बोलायचं, हा आपला रिवाज. दोनदा गाडी काढून तुझ्याकडे यायला निघालो. एकदा हातकणंगल्यापर्यंत आलो, टपरीवर दोन चहा प्यायलो आणि परत फिरलो. घरी सांगितलं, टायर पंक्चर झालं होतं. छप्पन वर्षांचा माणूस बायकोला पंक्चरची थाप मारतो, म्हणजे बघ काय पाळी आली ती. शेवटी म्हटलं, कागद बरा. कागद मध्ये बोलत नाही आणि आपल्याकडे बघतही नाही.

आधी घरचं सांगतो. अव्वा बरी आहे. ऐंशी पार केली तरी भाकरी स्वतःच्या हातचीच लागते. रक्षिताचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालू आहे, ती आता बापाला ड्रॉइंग कसं वाचायचं ते शिकवते. अव्वा दर आठवड्याला विचारते, 'विजू याक बंदिल्ला?', का आला नाही म्हणून. मी सांगतो, येईल गं, उसाची लागण चालू आहे त्याची. परवा म्हणाली, ह्याची लागण बारा महिने चालते काय? म्हाताऱ्या आईला फसवणं सोपं नाही. तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. तुला वाटतं, तुझ्या खुळापायी माझं काम मातीत गेलं, आता कुठल्या तोंडानं जायचं. आणि मी तुला बोलावत का नाही, ते तुला माहीत नाही. तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायचं आहे, पण सरळ लिहायला घेतलं की पेन थांबतं. तीन कागद फाडले. तेव्हा पहिल्यापासून सांगतो, तुला ठाऊक असलेलंही सांगतो, कंटाळू नकोस.

तीन वर्षांमागे, दिवाळी नुकतीच झाली होती, तू डब्याच्या पिशवीतून लाकडाचं एक खेळणं घेऊन आलास. मला वाटलं, पूर्णिमा वहिनींनी चकल्या पाठवल्या. निघाली काय, तर बाभळीच्या लाकडाची नळी आणि तिच्यावर सरकणारं लाकडाचंच कडं. तू ते कडं पाव फेरा फिरवलंस, मागं ओढलंस, आणि नळीचे दोन तुकडे सुटून हातात आले. 'म्हांत्या, हे पंपाच्या तोंडाला, पायपाच्या जोडावर लावायचं,' म्हणालास. 'आठ बोल्ट न्हाईत, पाना न्हाय. कडं फिरीव, वढ, मोटार मोकळी.' मी हसलो होतो. नदीकाठची मोटार पाणी चढताना वर ओढून घ्यायची म्हणजे काय असतं, हे गाळ्यात बसून कुणाला कळणार? मग तू सांगितलंस की आधीच्या पुरात तुमच्या गावचे केरबा तात्या छातीएवढ्या पाण्यात उभे राहून गंजलेले बोल्ट सोडवत होते. सहावा सुटेना. तू वरून ओरडत होतास, तात्या, ऱ्हाऊ दे मोटार, भाईर या. आणि तात्या खालून म्हणत होते, 'मोटार सोडून येऊ? मग उसाला पाणी काय तुझा बा पाजतोय?' सांगताना तू तात्यांची नक्कल करत होतास, पण हसत नव्हतास. तेव्हा मीही हसायचा थांबलो.

तुला बारा नग हवे होते. गावातले बारा शेतकरी तयार झाले होते, त्यांच्या बारा पंपांना बारा कपलिंग. आणि मी, तुझा दोस्त, मी काय म्हणालो? माझ्याकडे कंपनीचा माल चालू आहे, बघ जरा दुसरीकडे. पंधरा दिवस तू ते लाकडाचं कडं घेऊन उद्यमनगरात आणि शिरोलीच्या कारखान्यांत फिरलास. सगळ्यांनी ते फिरवून बघितलं, सगळे म्हणाले, डोकं भारी हाय, आणि सगळ्यांनी हात वर केले. एकानं तर विचारलं, 'बाराच? बाराशे आणा पावणं, आत्ता मशीनवर चढवतो.' त्यांचंही चुकत नव्हतं. मशीनवर नवा जॉब बांधायचा, टूल जुळवायचं, पहिला नग मापात आणायचा, यातच दिवस जातो. बाराशे नग असतील तर तो दिवस भरून निघतो, बारांत निघत नाही. म्हणून नवीन काही काढणाऱ्या माणसाचे हाल कुत्रं खात नाही आपल्याकडे. सोळाव्या दिवशी तू माझ्या गाळ्याच्या पायरीवर येऊन नुसता बसलास. मला लाज वाटली आणि मी म्हटलं, आण ते इकडं.

तो एक महिना, विजू, मला आयटीआयमध्ये परत गेल्यासारखा गेला. पॅटर्नवाल्याकडून लाकडी नमुना करून घेतला. पण बारा नगांसाठी भट्टी कोण पेटवणार? मग आपण काय युक्ती केली आठवतं? आपले वाळूचे साचे मांडून फाउंड्रीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, आणि कंपनीचा माल ओतून झाला की ओतायच्या डावात लोखंडाचा जो रस उरेल तो आपल्या साच्यात. एका दिवशी पाच मिळाले, एका दिवशी चार, तिसऱ्या दिवशी तीन. त्यातल्या दोनांना भोकं पडली, ते परत ओतले. ओतणाऱ्यांसाठी तू घरचा गूळ आणि शेंगदाणे आणायचास. ते लोक मला विचारायचे, तुमचा शिरोळवाला दोस्त आज न्हाय आला व्हय? माझी हजेरी कुणी घेतली नाही कधी.

आता येतो त्या ठिकाणी. तुझं ड्रॉइंग आलेखाच्या कागदावर होतं. कडं आणि नळी यांच्यामध्ये किती फट ठेवायची, तिथं तू लिहिलं होतंस 'अर्धा मिलिमीटर', आणि खाली लाल पेननं दोन रेघा मारल्या होत्यास. मी म्हटलं, 'हे खुळखुळंल की रं.' तू म्हणालास, 'खुळखुळू दे. नदीचं पाणी हाय, गाळ येणारच. फट मोठी आसली की गाळ आत जाईल तसा भाईर बी यील. पाणी अडवायचं काम आतल्या रबराचं, लोखंडाचं न्हाय.' सगळं सांगितलंस. उगाच हवेत नाही, हाताची बोटं एकमेकांत घालून दाखवलंस. मी मान डोलावली. तू एसटीला गेलास, आणि मी माझ्या मनाचं केलं.

का केलं, ते सांगतो. सबब म्हणून नाही सांगत. आमच्या वस्तादांनी आम्हाला शिकवलं होतं की कडं नळीवर ठेवलं, तर ते धाडकन पडता कामा नये आणि अडकताही कामा नये. आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरलं पाहिजे, तेव्हा लेथवरचा खरा टर्नर. खुळखुळणारा जॉब गाळ्याबाहेर गेला, तर दुकानाचं नाक कापलं. तीस वर्षं मी त्याच्यावर जगलो. महांतेश मिस्त्रीच्या हातचं फिट, असं लोक म्हणतात, ते ऐकायची मला चटक लागली आहे. आणि प्रत्येक नगावर माझा 'म' चा ठसा मारायचा असतो. खुळखुळणाऱ्या कड्यावर मी माझा ठसा मारू? मनात आलं, विजूनं हे फार झालं तर पाण्यात बघितलंय, लोखंडात मी बघितलंय. बसलेलं फिट बघून खूश होईल. तू मागितलेल्या फटीचा दहावा हिस्सा मी ठेवला. बाराही नगांत. दुसऱ्या कुणा इंजिनिअरचं ड्रॉइंग असतं, तर एका शतांशाचा फरक करायच्या आधी मी तीनदा फोन लावला असता. तुझ्या ड्रॉइंगवर मी न विचारता हात चालवला, कारण ते तुझं होतं. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

नग न्यायला आलास त्या दिवशी तू कडं सरकवून बघितलंस आणि म्हणालास, 'लई भारी बसलंय. पर खुळखुळत कसं न्हाय?' तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, ग्रीस लावलंय. झालं. तू माप घेतलं नाहीस, कारण माप मी घेतलं होतं ना! गाळ्यातल्या टाकीत नळाचं पाणी भरून आपण बारा कपलिंग एकेक करून लावली, सोडली. सगळी अशी सुटली की बघत राहावं. मग मिसळ खाल्ली आणि तू पोत्यात घालून ती जीपमध्ये चढवलीस. नळाच्या पाण्यात गाळ नसतो, हे काय मला कळत नव्हतं?

पुढचं सगळं मी तुझ्याच तोंडून ऐकलं आहे, तरी लिहितो. जुलैत नदी दोन दिवस चढत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मोटारी वर घ्यायला उतरलात. बारांतली तीन कपलिंग उंचावर होती, त्यांच्यात गाळ गेलाच नव्हता, ती सुटली. उरलेली नऊ जागची हलेनात. बारीक गाळ त्या एवढ्याशा फटीत जाऊन सिमेंटसारखा बसला होता. जुनं काम असतं, तर पाना घालून निदान पाच-सहा बोल्ट तरी निघाले असते. इथं पाना लावायला जागाच नव्हती, ती आपणच काढून टाकली होती. पाणी कमरेला लागलं तेव्हा केरबा तात्यांनी हातोडा मागितला. तिसऱ्या घावाला पंप कलंडला आणि तात्यांचा हात काठाच्या दगडात सापडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. नऊ मोटारी पाण्याखाली गेल्या त्या गेल्याच, पण तात्यांची बोटं गेली, विजू. आणि गाव कुणावर ओरडलं? तुझ्यावर. पारावर तुला 'इंजिनेरसाहेब' म्हणायला लागले.

पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी तू गाळ्यात आलास. पिशवीत तात्यांच्या पंपाचं कपलिंग होतं. चिखल अजून तसाच होता. म्हणालास, 'म्हांत्या, माप घे. मला बघायचंय कुठं चुकलं.' मी ते धुतलं, हातोडीनं सोडवलं, पुसलं. कड्याचं आतलं माप घेतलं, नळीचं बाहेरचं घेतलं. तुझा चष्मा पुरात गेला होता, तुला मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नव्हत्या. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मला माहीतच होतं काय निघणार. ते निघालं. आणि मी तुला सांगितलं, अर्धा मिलिमीटर, ड्रॉइंगप्रमाणे.

अडतीस वर्षं मी माप घेतोय. दारू प्यायलो असेन, शिव्या दिल्या असतील, कंपनीला माल उशिरा दिला असेल, पण खोटं माप सांगितलं नव्हतं. खोटं माप सांगणाऱ्याला कळंब्याच्या जेलात धाडायचा कायदा असता, तर मी आज तिथं चटया विणत असतो आणि चांगली झोप लागली असती. तू खाली बघून म्हणालास, 'म्हणजे आकडाच माझा चुकला.' मग जे केलंस ते मला अजून सोसत नाही. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, 'तुझं एवढं चांगलं काम माझ्यापायी मातीत गेलं रं. माफ कर.' विजू, तू माझी माफी मागितलीस, आणि मी म्हटलं, चालायचंच. चहा मागवला. तू बशीत ओतून प्यायलास आणि गेलास.

भीती कसली होती, ते मी स्वतःला किती वेळा विचारलं. तू मला मारलं नसतंस. गाव माझ्या गाळ्यावर चालून आलं नसतं. फार तर उद्यमनगरात चार लोक म्हणाले असते की महांतेशला ड्रॉइंग पाळता येत नाही. तेवढं ऐकायला लागू नये म्हणून मी तुला गावात हसं होऊ दिलं. त्यानंतर वहिनींचा फोन आला होता, तुला ठाऊक नसेल. म्हणाल्या, भावजी, हे शेडात जात न्हाईत, सगळी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली, तुम्ही जरा समजवा. मी म्हटलं, वेळ जाऊ द्या. बाकी काय म्हणणार?

आता पुढचं, जे तुला अर्धंच माहीत आहे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुमच्या गावचा शिवपुत्र आला, ज्यांच्या मोटारी बुडाल्या त्या नऊ जणांपैकी एक. कपलिंग माझ्यासमोर टाकून म्हणाला, मिस्त्री, हे मोडीत घ्या. मी म्हटलं, ठेवून जा. सगळी माणसं गेल्यावर मी ते कडं लेथवर बांधलं आणि आतून मोठं केलं. किती? तुझ्या ड्रॉइंगइतकं. एक केसभर जास्त नाही, कमी नाही. मनाला वाटलं, निदान एक तरी नग तू सांगितलेला होऊ दे. शिवपुत्राला म्हटलं, एकदा लावून बघ, माझ्या भरवशावर. गेल्या पावसाळ्यात नदी चढली, आणि त्यानं अर्धी बिडी ओढून व्हायच्या आत मोटार मोकळी करून वर घेतली. कड्यातून चिखल गळत होता, आणि कडं सरकत होतं. तू सांगितलं होतंस तसंच. बोटं एकमेकांत घालून दाखवलं होतंस, तसंच.

मग रांग लागली. उरलेले अकरा आले, मी सगळ्यांची कडी मोठी केली. मग शेजारच्या गावचे आले, नवे नग मागू लागले. आता चाळीसच्या वर कपलिंग नदीवर आहेत आणि सगळ्यांवर माझा 'म' आहे. लोक त्याला महांतेश कपलिंग म्हणतात. मी कुणाला तसं म्हणायला सांगितलं नाही, पण नको असंही कुणाला म्हटलं नाही. गावात काय बोलतात तेही मला शिवपुत्रानंच सांगितलं. विजूचा आकडा चुकला हुता, मिस्त्रींनी बरोबर केला. एकदा चहाच्या टपरीवर मी धीर करून म्हटलं, अहो, कल्पना विजूचीच आहे. तर सगळे म्हणाले, बघा, माणूस किती मोठ्या मनाचा! खरं सांगायला गेलो आणि आणखी मोठा होऊन परत आलो.

आणि तुझा तो फोन. शिवपुत्राची मोटार निघाली त्याच दिवशी संध्याकाळी तू केलास. मला वाटलं, आता तू विचारणार, काय केलंस म्हणून, आणि मी सांगून टाकणार. तू विचारलंसच नाहीस. ओरडून म्हणालास, 'म्हांत्या, मला आकडा जमला न्हाय, तुला जमला की! माझं काम तू पुरं केलंस लेका.' आवाजात एवढासा आकस नव्हता. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. मग गाळ्याचं शटर ओढून आत रडलो. हे बायकोलाही सांगितलेलं नाही. तुझा आकडा बरोबर होता, विजू. पहिल्यापासून बरोबर होता. जे आज नदीवर चालतंय, ते तुझंच आहे, अगदी तसंच, मी त्यात शून्य केलंय. माझं जे होतं, ते सगळं त्या नऊ मोटारींबरोबर बुडालं.

आज सकाळी तुमच्या पाणी संस्थेचा चेअरमन पृथ्वीराज गाळ्यात आला, पेढे घेऊन. रविवारी ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार आहे म्हणाला, कार्ड छापून झालंय. कार्डावर मोठ्या अक्षरात होतं, 'पूरकाळात मोटार सोडवणाऱ्या कपलिंगचे जनक'. मी नाही म्हणणारच होतो, कामाचं कारण तोंडात तयार होतं, पुन्हा एक थाप. तेवढ्यात खालची ओळ वाचली. शाल, फेटा आणि श्रीफळ, तुझ्या हस्ते. पृथ्वीराज म्हणाला, 'विजूआबा सोताहून म्हणालं, माझ्या दोस्ताला शाल मीच घालणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय.' म्हणून हे पत्र. शिवपुत्र उद्या कोल्हापूरला येतोय, त्याच्या हाती देतो, म्हणजे रविवारच्या आधी तुला मिळेल. मी येणार आहे. माइक मागून घेणार आहे आणि हे सगळं गावाला सांगणार आहे, माझं खोटं माप, माझं ग्रीस, तात्यांच्या बोटांसकट. तात्या पुढच्या रांगेत असतील, त्यांना जे म्हणायचं ते म्हणू देत. पण स्टेजवर, माझ्यासाठी शाल हातात धरून उभं असताना तुला हे पहिल्यांदा कळावं, एवढी हलकट वागणूक माझ्याकडून आणखी नको, म्हणून तुला आधी सांगितलं. यायचं की नाही, ते तू ठरव. आलास तर एकच मागणं आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू उठशील, माझ्या खांद्यावर हात ठेवशील आणि सगळ्यांसमोर म्हणशील, जाऊ द्या, झालं गेलं. तसं करू नकोस, विजू. मला तिथं उभा राहू दे.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच

म्हांत्या